दोन पोती आणि कुत्रीची पोळी

मला त्या घरात टिकवलं ते आजींनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी चिडचिडच जास्त येईल आणि तिच्यात आजी मागे पडतील, ते मला चालायचं नाही. दादांनी काम दिलं, ताईंनी कपडे दिले, डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, ते सगळं आहेच. पण आज मी मुलुंडला, ह्याच घरात, बाल्कनीला लागून असलेल्या ह्याच खोलीत बसून लिहितेय, ते आजींमुळे.

मी शहाद्याच्या पलीकडच्या गावची. शाळा आठवीत सुटली. पुढची शाळा लांब होती आणि एकट्या मुलीला रोज पाठवायला घरी कुणी तयार नव्हतं. मुंबईला मावशीने आणलं. मावशीच्या सुनेला दिवस गेले तशी माझी पथारी भिंतीकडून सरकत सरकत दारापाशी आली. मावशी तोंडाने काही बोलली नाही, पण पथारी कुठे घालायची ते दाखवत गेली. तेवढ्यात ह्या घराचं कळलं. दादा आणि ताई दोघं ऑफिसात, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. दादांची आई, म्हणजे आजी, घरी असतात, पण त्यांचे गुडघे गेलेले. आणि एक लॅब्रॅडॉर कुत्री, अंगाने दांडगी, स्वभावाने भोळसट. तिला फिरवायला, अंघोळ घालायला, वेळेवर खायला द्यायला राहतं माणूस हवं होतं. लादी-भांड्यांना वेगळ्या बाई होत्या, स्वयंपाक आजी स्वतः करायच्या. म्हणजे मी होते ती कुत्रीसाठी. कुत्री आहे तोवर मी आहे. आणि मी इथे नसले तर गावी, आणि गावी म्हणजे लग्न. माझ्यासाठी तिथे दुसरं काही ठरलेलं नव्हतं.

त्यामुळे कुत्री खाजवायला लागली तेव्हा मला आधी गाव आठवलं.

सुरुवातीला वाटलं पिसवा असतील. मी कंगवा घेऊन बसले, एक पिसू सापडेल तर शपथ. मग कान लाल झाले. मग ती पंजे चाटायला लागली, चाटून चाटून बोटांच्या बेचक्या गुलाबी केल्या. पोटाखालचे केस गेले, आणि अंगाला असा एक वास यायला लागला की लिफ्टमध्ये शेजारचे काका भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मला त्यांचा राग यायचा. त्यांचं काही चुकत नव्हतं, तरी यायचा.

आम्ही पूर्वेला राहतो आणि कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाई पुलाच्या पलीकडे, मुलुंड पश्चिमेला बसतात. कुत्रीला घेऊन पलीकडे जायचं म्हणजे रिक्षा. रिक्षावाला लांबून थांबतो, जवळ आल्यावर कुत्री बघतो आणि पुढे निघून जातो. असे किती गेले मोजायचं मी सोडून दिलं. बाईंनी तपासलं, शाम्पू दिला, गोळ्या दिल्या, आणि निघताना म्हणाल्या की खाण्याचंही असू शकतं, एकदा खाणं बघा.

ते एक वाक्य घरात आलं आणि घराची शांतता गेली.

कुत्रीला ड्राय फूड असायचं. त्या तपकिरी गोळ्या मोठ्या पोत्यात येतात आणि बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात राहतात. घरात नाहीत, कारण घर शाकाहारी. ह्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. कुत्रीला मांस लागतं हे सगळ्यांना मान्य, पण ते बाल्कनीच्या दाराच्या बाहेर. तिची वाटी वेगळी, ती घासायचा काथ्या वेगळा, मला हात धुवायला साबणही वेगळा. आजी बाल्कनीच्या दारापाशी आल्या की पदर नाकाला जायचा.

तर ताईंनी मोबाईलवर वाचलं की कुत्र्यांना धान्य पचत नाही, खाज त्यानेच येते, ग्रेन-फ्री म्हणजे बिनधान्याचं खाणं द्या. दादांनी त्यांच्या मोबाईलवर वाचलं की ग्रेन-फ्री हे फॅड आहे, तांदूळ घातलेलंच चांगलं, उलट बिनधान्याच्यानेच त्रास होतो. दोघांचे मोबाईल एकाच वायफायवर. मला अजून कळलेलं नाही की एकाच घरात एकाच वेळी दोन मोबाईल असं उलटसुलट कसं सांगतात. आणि मी कुणाचं ऐकायचं? सकाळी निघताना ताई सांगणार, हे पोतं उघड. दहा मिनिटांनी बूट घालताना दादा सांगणार, थांब, आधीचं संपव.

ताई मला एकदा बरोबर दुकानात घेऊन गेल्या. दुकानातला पोरगा गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, बोलायला झकास. म्हणाला, मॅडम, कुत्रा म्हणजे शेवटी लांडगा, आणि लांडगा कधी शेतात जाऊन गहू खातो का? ताईंना ते एकदम पटलं. मलाही पटलं. पोतं खांद्यावर घेऊन घरी आलो. जेवणाच्या टेबलावर दादांनी पोतं फिरवून पाठीमागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. सुरुवात केली तोच ताई म्हणाल्या, "ते पहिलं चिकन-बिकन सोड रे, ते असणारच. पुढे बघ, धान्य आहे का?"

दादांनी पहिलं सोडलं आणि पुढचं वाचलं. बटाटा, रताळं, वाटाणा, हरभरा, मसूर.

आजी पलीकडे भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं की बिनधान्याचं म्हणजे काय, ही आता रोजच उपवासाला का? ताई म्हणाल्या, तसंच समजा आई. आजींनी हातातली जुडी खाली ठेवली.

"बटाटा-रताळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वाटाणा कुठल्या उपवासाला चालतो गं?"

दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ताई उठून आत गेल्या. मी पोतं उचलून बाल्कनीत नेलं आणि मनात म्हटलं, लांडगा गहू खात नाही, मग वाटाणे कुठे सोलत बसतो?

पण हसायचे दिवस ते नव्हतेच. नव्या पोत्याने कुत्रीचं पोट बिघडलं. दादा म्हणाले, बघ. आठवडाभरात जुनं पोतं परत आलं, पोट पुन्हा बिघडलं. ताई म्हणाल्या, बघ. नंतर कळलं की खाणं एकदम बदलायचं नसतं, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्यायचं असतं. ते दोन्ही मोबाईलमध्ये लिहिलेलं होतं म्हणे, पण भांडण सोडून तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. जिन्यात, गॅलरीत, सोसायटीच्या गेटपाशी मी फडकं आणि फिनेल घेऊन फिरत होते. एकदा गेटवर गुडघ्यावर बसून फरशी पुसताना कुत्री शेजारी बसून माझा कान चाटत होती, आणि मला तिचाच इतका राग आला की मी तिला ढकललं. तिला वाटलं खेळतेय. पुन्हा आली.

खाज काही हलली नाही. धान्याच्या पोत्याने नाही, बिनधान्याच्यानेही नाही.

आता पोळीचं सांगायला हवं, कारण सगळं त्यात होतं.

आजी दुपारी पोळ्या करतात. कणीक मळतानाच त्यांच्या मनात हिशेब असतो, आणि शेवटची जी लहान पोळी होते ती कुत्र्याची. त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. पाय चालत होते तेव्हा त्या ती पोळी घेऊन खाली जायच्या, कोपऱ्यावरच्या भटक्या कुत्र्याला घालून यायच्या आणि मग जेवायला बसायच्या. गुडघे गेले आणि घरात कुत्री आली, तेव्हा त्यांना ती देवानेच वरपर्यंत आणून दिल्यासारखं वाटलं. शेवटची पोळी तव्यावरून उतरायची, तिला तुपाचं बोट लागायचं, आजी ती चतकोर चतकोर करून हाताने भरवायच्या, हात धुवायच्या आणि ताट घ्यायच्या. ह्यात एक दिवसाचा खंड नाही. सुटीच्या दिवशी दादा-ताईंची जेवणं आधी उरकायची आणि ही पोळी सगळ्यांत शेवटी, म्हणून ती त्यांच्या नजरेत यायची नाही.

मी रोज हे बघत होते. मला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं. माझी आईसुद्धा ज्वारीची शेवटची भाकरी दाराबाहेर टाकल्याशिवाय जेवत नाही. आमच्याकडे त्याला कुत्र्याला खायला घालणं कुणी म्हणत नाही. ती भाकरी त्याचीच असते, आपण फक्त द्यायची. त्यामुळे दादा दुसऱ्यांदा कुत्रीला घेऊन डॉक्टरांकडे गेले, मी पट्टा धरून उभी होते, आणि बाईंनी विचारलं की ह्या खाण्याशिवाय दुसरं काही देता का, तेव्हा दादा म्हणाले, नाही, बाहेरचं काही नाही. मीही मान हलवली. कुणी खोटं बोलत नव्हतं. पोळी कुणाच्या डोळ्यासमोरच आली नाही. बाईंनी औषध वाढवून दिलं आणि म्हणाल्या, मग आता थोडे दिवस फक्त ग्रेन-फ्रीच द्या, बघू काय होतं.

श्रावण लागला. गणपतीला ह्या घरात दीड दिवस माणसांची रीघ असते. दादांनी एका रविवारी विषय काढला. त्यांच्या मित्राची कर्जतला जागा आहे, आंब्याची झाडं आहेत, राखणदार आहे. तो कुत्रीला ठेवून घ्यायला तयार होता. दादा वाईट माणूस नाहीत. ते थकले होते. म्हणाले, तिकडे मोकळी राहील, इथे ह्या अवस्थेत पाहुण्यांत कशी ठेवायची. गणपतीच्या आत काय ते ठरवू. ताई रडल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. मी बाल्कनीत जाऊन दोन्ही डब्यांची झाकणं पुसत बसले. एका डब्यात धान्य, एकात बिनधान्य. माझं अख्खं आयुष्य त्या दोन डब्यांवर बसलंय आणि कुठल्या डब्याने ते सुटेल हे सांगणारं कुणी नाही, असं मला वाटलं.

मग एका शनिवारी ताईंनी कुत्रीचं अंथरूण धुवायला काढलं. आजी खालच्या मजल्यावर भजनाला गेल्या होत्या. अंथरूण झटकलं तशी त्यातून पोळीची चतकोर पडली, वाळून पापडासारखी झालेली. कुत्रीला सवय होती, पोट भरलं की शेवटचा तुकडा पुरून ठेवायची.

ताई त्या चतकोराकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे.

"तू घालतेस हिला पोळी?"

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं. इतके दिवस, दोन पोती, औषधं, शाम्पू, भांडणं, आणि रोज दुपारी पोळी. गव्हाची. मी म्हटलं, नाही ताई.

"मग ही काय आपोआप आली?"

आजींचं नाव घ्यायला तोंड उघडलं की ते मिटायचं. ज्या घरात मी नोकर, त्या घरातल्या म्हातारीबद्दल तिच्या सुनेला काय सांगू? आजी मला सकाळी पहिला चहा देतात. मला थंडी वाजते म्हणून त्यांनी स्वतःची शाल दिली होती. आणि खरं सांगायचं तर सांगूनही काय, वाटलं की मी त्यांच्यावर ढकलतेय असंच दिसेल.

ताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या की गावाकडची सवय असते, मला कळतं, पण आम्ही इतकं करतोय ते सगळं पाण्यात गेलं ना मग. ते "मला कळतं" मला फार लागलं. त्यांना काही कळलं नव्हतं, मला कळलं होतं आणि मी बोलू शकत नव्हते. संध्याकाळी दादांनी मला बोलावून सांगितलं की गणपतीच्या आधी कुत्री कर्जतला जाईल, तुझ्यासाठी आम्हीही कुठे काम असेल तर बघतो. मी हो म्हटलं. आजी तोवर भजनाहून येऊन आपल्या खोलीत जप करत होत्या, दार लोटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शेवटची पोळी फुगली, उतरली, तिला तूप लागलं. कुत्री आजींच्या पायाशी बसून शेपटीने लादी झाडत होती. आजींनी पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"आजी, आज नको ना."

"का गं?"

"तिला धान्य द्यायचं नाहीये."

"पोळी आहे ही," आजी म्हणाल्या, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते. "धान्य काय, ही तिची पोळी आहे."

आणि मग त्या थांबल्या. तुकडा तसाच हातात. त्यांनी तव्याकडे बघितलं, कणकेच्या परातीकडे बघितलं, कुत्रीच्या उघड्या पोटाकडे बघितलं. गॅस बंद केला. मला विचारलं की तुला कुणी काही बोललं का. मी म्हटलं, नाही. आजींनी माझ्याकडे नीट बघितलं. चेहरा लपवायला मला कधीच जमलं नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पोळी ताटलीत झाकून ठेवली, कुत्री तिच्याकडे बघत बसली, आणि आजी कुत्रीकडे.

दादा-ताई संध्याकाळी बाहेरून आले, अजून चपला काढत होते. आजी दारातल्या खुर्चीवर बसलेल्या होत्या.

"पोळी मी घालत होते," त्या म्हणाल्या. "रोज. ह्या मुलीला का बोललात?"

दादा गडबडले. म्हणाले, आई, अगं मग सांगायचं ना. डॉक्टर विचारत होत्या, दुसरं काही देता का.

"त्यात काय सांगायचं? देवाला नैवेद्य दाखवला हे तू डॉक्टरला सांगतोस का?"

दादा चपला कोपऱ्यात ठेवून आत गेले. ताई थोड्या वेळाने माझ्या खोलीच्या दारात आल्या. "तू सांगायचंस ना गं," म्हणाल्या. मी मान खाली घालून हो म्हटलं, आणि आतून मला इतका संताप आला की काय सांगू. कसं सांगणार होते मी? कोणत्या तोंडाने? त्यांना अजूनही ते कळलेलं नाही. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, तरी हे लिहिते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे आजी स्वतः आल्या. किती वर्षांनी पुलाच्या पलीकडे जात होत्या. ह्या खेपेला रिक्षा लगेच मिळाली, कारण आजी हात करून पुढे उभ्या राहिल्या आणि मी कुत्रीला घेऊन खांबाच्या मागे. आजी रिक्षात नीट बसल्यावर मी आणि कुत्री आत घुसलो. रिक्षावाला कुरकुरला. आजींनी त्याला सांगितलं की ती तुझ्यापेक्षा शांत आहे, चल.

दादा-ताई ऑफिसातून परस्पर तिथे पोचले होते. बाईंपुढे आजींनी पोळीचं सगळं सांगितलं, तुपासकट. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, ही पोळी चालू असताना आम्ही कुठलं खाणं चांगलं ते ठरवत होतो, त्याला काही अर्थच नव्हता. मग त्यांनी विचारलं, दोन्ही पोत्यांत मांस कुठलं होतं?

दादांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी दादांकडे.

"नॉनव्हेज असतं ना ते," ताई म्हणाल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नॉनव्हेज म्हणजे काय? चिकन, बकरा, मासा? आणि तेव्हा मला जेवणाच्या टेबलावरचं ताईंचं वाक्य आठवलं. पहिलं चिकन-बिकन सोड. दोन्ही पोत्यांचं सोडलं होतं; नंतर बघितलं तर दोन्हींवर पहिलं चिकनच. ह्या माणसांना चिकन आणि मासा सारखेच, दोन्ही बाल्कनीतले, दोन्हीकडे बघायचं नाही. त्यामुळे भांडायला धान्यच उरलं होतं. मी मावशीकडे सुके बोंबील भाजणारी, मला तरी कुठे सुचलं. मला वाटलं शिकलेली माणसं बघतायत ना.

बाईंनी मग सगळं सावकाश समजावलं. धान्यामुळेच खाज येते अशी कुत्री कमी दिसतात, खाण्याची ॲलर्जी असलीच तर ती बहुतेक वेळा कुठल्यातरी मांसाची असते, आणि चिकन हे त्यातलं नेहमीचं. ग्रेन-फ्री म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. धान्य काढलं की त्या जागी वाटाणे-डाळी भरतात, आणि अशा खाण्याचा काही कुत्र्यांच्या हृदयाला त्रास होतो का ह्यावर डॉक्टरांमध्येच अजून एकमत नाही. शोधायचं असेल तर एकच रस्ता. तिने कधी न खाल्लेलं एक मांस, मासा समजा, त्याच्याबरोबर भात असलेलं साधं खाणं, आणि दीड-दोन महिने दुसरा कणही नाही. बिस्कीट नाही, पोळी नाही.

"गणपतीपर्यंत फरक पडेल?" दादांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, नाही, गणपती होऊन जातील तरी नक्की सांगता येणार नाही.

मी पट्टा घट्ट धरला. म्हणजे कर्जत. दादांनी तोंड उघडलं, काय बोलणार होते देव जाणे, पण आजी आधी बोलल्या.

"गणपतीला मी आहे ना घरात. पाहुणे माझे. ज्यांना कुत्रीचा त्रास होईल त्यांनी दारातून प्रसाद घेऊन जावं. कुत्री कुठे जात नाही." आणि मग माझ्याकडे बोट करून, "ही पण नाही."

बाई लिहायला लागल्या. मी कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला.

माशाचं पोतं आलं तेव्हा आधी वास आला, मग पोतं. बाल्कनीचं दार लावलं तरी वास आत. ताई उदबत्त्या लावत सुटल्या. ह्या वेळी मी चार दिवस जुन्यात नवं मिसळत नेलं, मगच पूर्ण बदललं. आजींनी नाकाला पदर लावला, पण एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि मग ती दुपार. आजींनी पोळ्या केल्या. शेवटची लहान पोळी केलीच नाही, तेवढा उंडा कमीच घेतला होता. गॅस बंद केला, ओट्याला धरून उभ्या राहिल्या. जेवायला बसेनात. कुत्री पायाशी, शेपटी चालू. मला कळेना काय करावं.

"ते तिचं आण," आजी म्हणाल्या.

मी विचारलं, काय? त्यांनी बाल्कनीकडे मान केली. मी वाटीत मूठभर गोळ्या आणल्या. मला वाटलं मला घालायला सांगतील. आजींनी हात पुढे केला. ज्या हाताने सकाळी देवाला फूल वाहिलं त्या हातावर त्यांनी त्या माशाच्या गोळ्या घेतल्या, मान थोडी बाजूला वळवली, श्वास रोखला, आणि हात कुत्रीच्या तोंडापाशी नेला. तिने तळहात चाटून पुसून काढला. आजींनी साबण लावून हात धुतले, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. मग ताट घेतलं.

तेव्हापासून रोज असंच. रोज दोनदा हात धुतात.

गणपतीत पाहुणे आले. कुत्री दिसली की माणसाचा हात आपोआप मोदकाकडे जातो, हे मी त्या दीड दिवसात शिकले. ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, असं ताई समजावून समजावून थकल्या, कुणाच्या कानात शिरेना, आमच्या मोदकाने काय होतंय म्हणायचे. आजी कुत्रीशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येकाला एकच सांगायला लागल्या, तिला पथ्य आहे. पथ्य म्हटलं की सगळे हात मागे. एक बाई तर कुत्रीला म्हणाल्या, हो का गं, मलाही शुगर आहे.

नवरात्राच्या सुमाराला पोटावर केस दिसायला लागले. कान आता बरे आहेत. पंजे अधूनमधून चाटते, पण ते सगळीच कुत्री चाटतात असं बाई म्हणतात. कर्जतचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि तरीही माझी चिडचिड संपलेली नाही, हे खरं. दादा आल्यागेल्याला सांगतात की बघा, भातवाल्या खाण्यानेच बरी झाली. ताई सांगतात की गव्हाची पोळी बंद केल्याने बरी झाली. बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, चिकन असावं असं वाटतं, पण पक्कं करायचं तर सुटं सुटं परत देऊन बघावं लागेल. ते करायची कुणाची हिंमत नाही, माझी तर नाहीच. म्हणजे धान्याचं चांगलं की बिनधान्याचं हे मला आजही कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. इतकं सगळं होऊनही नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की रोज दुपारी एक म्हातारी बाई तोंड फिरवून, श्वास रोखून, हात पुढे करते, आणि म्हणून मी इथे आहे.

आजी, तुम्ही हे वाचाल की नाही ठाऊक नाही, तुम्हाला माझं अक्षर लागत नाही. पण लिहून ठेवते. कधीतरी माझी स्वतःची चूल असेल, एका खोलीची का असेना. तुम्हाला मी रिक्षाने तिथे घेऊन येईन, कुत्रीला खांबाच्या मागे न लपवता. तव्यावरची पहिली भाकरी तुमच्या ताटात वाढेन, आणि शेवटची करून तुमच्या हातात देईन. कोपऱ्यावर जे कुत्रं असेल त्याला ती तुम्ही घाला. तुमच्या आवडत्या तुपाचं बोट लावून. तिथे कुणालाही कसलंही पथ्य नसेल.